टोचत नाही अशी बाज

घरात काही फाटल्याचा आवाज आला की तानाबाई हातातलं काम टाकून धावत यायची. तव्यावर भाकर असली तर भाकर करपायची, पण आपल्या नवऱ्यानं आज काय फाडलं हे ती आधी बघून यायची. एकदा तिच्या पेटीतला खण होता, एकदा धान्यावरची ताडपत्री होती, आणि एकदा तर भिंतीवरचं लक्ष्मीचं कॅलेंडरसुद्धा होतं. कारभारी दर वेळी एकच उत्तर द्यायचा, "पाहून राह्यलो होतो, दोरी होते का याची." दोरी बहुधा व्हायची नाही, आणि वस्तू मात्र कायमची जायची.

बीबी गावच्या बाजारापासून दोन कोसांवर, नाल्याच्या पलीकडे एक लहानशी वस्ती होती. तिथे कारभारीचं रान होतं. ज्वारी, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर वांगी-मिरची, एवढा संसार. मुंबई कुणाकडे जाणार याचा निकाल लागून महाराष्ट्र नावाचं राज्य नुकतंच झालेलं होतं, पण वस्तीवर त्याचा मोठा फरक जाणवत नव्हता. बाज विणणं हा काही कारभारीचा धंदा नव्हता. ती त्याची हौस होती. त्याच्या हाताला मात्र देवानं काहीतरी दिलं होतं खरं. त्यानं ताणलेली बाज लवकर सैल पडायची नाही, म्हणून लग्नसराई आली की आजूबाजूचे लोक त्याला बोलावून न्यायचे आणि पोटभर जेवू घालून बाज विणवून घ्यायचे.

बाजेला सगळे अंबाडीची सुतळी वापरत. अंबाडी बांधावर पेरायची, कापून नाल्याच्या डोहात कुजत घालायची, मग तिच्या सालीचा तंतुमय वाख सोलून ढेऱ्यावर, म्हणजे लाकडाच्या त्या गरगर फिरणाऱ्या चकरीवर, सुतळी कातायची. सुतळी मजबूत, फुकटची, घरची. तिचा दोष एकच, नवी असली की टोचते. माणसं या टोचण्याला सरावलेली होती. पाठीवर वळ उठले की "बाज नवी दिसते" असं म्हणून मोकळी व्हायची.

कारभारीची पोरगी मंजुळा मात्र सरावली नाही. लहान होती, परकर नीट नेसताही येत नव्हता, तेव्हा एकदा दुपारची नव्या बाजेवर झोपली आणि उठली ती गालावर चौकटीच चौकटी घेऊन. रडत बापाकडे आली आणि म्हणाली, "बाबा, टोचत नाही अशी बाज इना ना."

"इनतो, माय," कारभारी म्हणाला.

असली वचनं बाप दिवसातून दहा देतात आणि पोरी संध्याकाळपर्यंत विसरतात. मंजुळाही विसरली. पण कारभारी विसरला नाही, आणि तानाबाईचं सगळं दुःख तिथून सुरू झालं.

आधी त्यानं पळसाची मुळं खणून आणली, ठेचली, त्यांचा दोर वळला. तो सुतळीपेक्षा कडक निघाला. मग घायपाताची पानं कुटली. त्या बाजेवर जो निजला तो दोन दिवस अंग खाजवत हिंडला. मक्याच्या कणसांची सालं वळून विणली, ती मऊ होती, पण एका बैलानं उभ्या उभ्या अर्धी बाज खाऊन टाकली. बैलाचा काही दोष नव्हता.

सगळ्यात गाजली ती सिनेमाची बाज. बीबीला तंबूतला सिनेमा आला होता. मशीन चालवणाऱ्याकडे तुटक्या फितीची भेंडोळी पडली होती, ती कारभारीनं दोन टोपल्या वांग्यांच्या बदल्यात आणली. बाज अशी चमकायला लागली की वस्ती लोटली. जो तो उजेडाकडे तोंड करून पालथा निजायचा आणि फितीत नटी शोधायचा. म्हातारे वामनराव म्हणाले, मीही बघतो. ते उताणे निजले आणि फितीच्या कडेच्या भोकांत त्यांची शेंडी अशी गुंतली की उठता येईना. आता फीत कापायची की शेंडी, यावर बराच वेळ वाद झाला. कारभारीचं मत शेंडीच्या बाजूनं नव्हतं. शेवटी तानाबाई विळा घेऊन आली आणि तिनं फीत कापली.

"हौस हाये तं हौस असू द्या," ती नवऱ्याला म्हणाली, "पन मानसाले निजाले बाज लागते, तमाशाले नाही."

मंजुळा मोठी झाली, साखरखेर्ड्याला दिली, आणि भादव्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं ते जड पाऊल, ओट्याला हात टेकून बसणं पाहून कारभारीला जुनं वचन पुन्हा आठवलं. आता नाही तर कधीच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. पोरगी बारा दिवस बाजेवर पडणार, ती वळांवर कशी निजेल?

त्याच सुमारास सायकली वाढल्या होत्या. बीबीला शंकररावांच्या सायकल-दुकानामागे पंक्चरून पंक्चरून मेलेल्या ट्यूबांचा ढीग पडलेला असायचा. कारभारीनं तो पाहिला, एक ट्यूब ताणून सोडली, ती टप्पकन परत आली, आणि त्याचे डोळे चमकले. ढीग घरी आला. घरात एकच धड बाज होती, तिची सुतळी त्यानं सोडून टाकली, आणि ट्यूबांच्या गोल गोल कापलेल्या पट्ट्यांनी ती चौकट विणून काढली. काळीभोर, गुळगुळीत. हात दाबला की खाली जायची आणि सोडला की वर यायची.

मंजुळा तिच्यावर निजली आणि हसायलाच लागली. "बाबा, जराबी टोचत नाही!"

कारभारी त्या दिवशी जेवला नाही, इतकं त्याचं पोट भरलं होतं. बाजेत एक खोड होती. गरोदर बाई निजली की तिची झोळी व्हायची आणि उठवायला दोन बायका लागायच्या. पण ती उठवाउठवी सुद्धा हसण्यावारी जात होती. वस्तीत रबरी बाजेची कीर्ती झाली. आणि एवढ्या बाया येऊन गेल्या, निजून गेल्या, पण जी गोष्ट यातल्या प्रत्येकीला शेंबड्या वयापासून ठाऊक होती ती एकीलाही आठवली नाही. मला आठवली होती, असं तानाबाई पुढे आयुष्यभर सांगायची. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पहाटे मंजुळाला मुलगी झाली. सुईण होती सुभद्राबाई, निम्मी वस्ती तिच्या हातावर जन्मलेली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालून तिनं दोघींना बाजेवर निजवलं, आणि रीतीप्रमाणे बाजेखाली रसरशीत गोवऱ्यांची शेगडी सरकवून वर ओवा-शेपा टाकला. बाळंतिणीला खालून शेक आणि धुरी द्यायची, त्यासाठीच तर तिला बाजेवर निजवतात.

पहिल्यांदा वास आला. मग काळा धूर आला. मग रबर चिकट होऊन शेगडीत ठिबकायला लागलं. सुभद्राबाईनं बाळ उचललं, तानाबाईनं लेक ओढली, आणि सगळ्या खोकत खोकत ओट्यावर आल्या. कुणाला काही इजा झाली नाही. बाळानं मात्र जगात येऊन पहिला श्वास घेतला तो सायकलीचा.

"कारभाऱ्या!" सुभद्राबाई ओरडली, "लेकीले शेकाचं होतं का चाकावर चढवाचं होतं बे तुले?"

कारभारी अंगणाच्या नाल्याकडच्या टोकाला कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. त्याला रडू येत होतं. आयुष्यभर लोक हसले त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, पण आज मंजुळा ओल्या भुईवर पोत्यावर निजली होती आणि ते त्याच्यामुळे. सुभद्राबाईनं बजावून ठेवलं होतं की दिवस बुडायच्या आत पोर बाजेवर गेली पाहिजे, भादव्याची ओल अंगात शिरली तर जन्माची कंबर जाईल.

आता बाज आणायची कुठून? तो शेजारच्या किसनरावांच्या दारात गेला. किसनराव माणूस चांगला, पण त्यांनीही मान हलवली. "दुसरं काई माग, कारभारी. बाळंतिणीखालची बाज मंग घरात घेता येते का? इटाळ जाते का तिचा?" खोटं नव्हतं. बाळंतिणीची बाज बाराव्या दिवशी सोडायची, तिची सुतळी सुईणीला द्यायची आणि चौकट धुऊन घ्यायची, अशीच वस्तीची चाल होती. दुसऱ्याची विणलेली बाज मागायला तोंड कसं उघडायचं? सुतळी विकत आणावी तर नाला दोन्ही काठ भरून चालला होता, बीबीची वाट बंद. आणि घरची अंबाडी अजून बांधावर हिरवीगार, फुलावर उभी होती. जुनी सुतळी तर त्यानं शेताच्या कुंपणाला कधीच गुंडाळून टाकली होती.

कारभारी परत येऊन ओट्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला. अंगणात बायका जमल्या होत्या. बाळाला पहिले कपडे जुनेराचे लागतात. लेकुरवाळ्या घरातलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं असलं तर अधिक चांगलं. म्हणून घराघरातून जुनी लुगडी आली होती, आणि बायका बसून ती फाडत होत्या. मधला मऊ भाग बाळाला. काठ मात्र जाड, बाळाला रुततात, म्हणून ते ओढून बाजूला. चर्र आवाज व्हायचा आणि एक काठ ढिगात पडायचा. लाल, हिरवा, वांगी रंगाचा.

कारभारीनं मान वर केली. फाटल्याचा आवाज आपल्या घरात येतोय आणि आपण काही फाडत नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं. मग त्यानं ढिगाकडे पाहिलं. उठून एक काठ उचलला, दोन्ही हातांनी ओढला. तुटला नाही. गालाला लावून पाहिला.

"हे काठ काय करता?" त्यानं विचारलं.

"काय करतो? काई चुलीत, काई वासराले बांधाले," तानाबाई म्हणाली. आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून थांबली. बावीस वर्षं ती ते तोंड ओळखून होती. त्या तोंडापासून तिनं आपली पेटी, आपला खण, आपली लक्ष्मी वाचवायचा प्रयत्न केला होता. पण आज ती उठली आणि आत जाऊन तीन लुगडी घेऊन आली. त्यांतलं एक तर तिनं अजून एकदाही नेसलेलं नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली. "काखेत कळसा न् गावाले वळसा. जनमभर ट्यूबा न् फिती हुंगत फिरले."

मग बायकांना चेव आला. एकीनं घरून आणखी काठ आणले, दुसरीनं सासूची लुगडी सासूला न विचारता आणली. कारभारीनं दोन-दोन काठ ढेऱ्यावर घालून पीळ दिला. सिनेमाच्या फितीनं त्याला शिकवलं होतं की धार वर राहिली तर माणूस गुंततो, म्हणून काठाची कड त्यानं आत दुमडली. रबरानं शिकवलं होतं की ताण आधी काढून घ्यावा, नाहीतर झोळी होते, म्हणून वळलेला दोर ओला करून कडुनिंबापासून दाराच्या चौकटीपर्यंत ताणला, दगड लटकवले, आणि चुलीतले निखारे खाली पसरून त्यांच्या धगीवर वाळवला. घायपात आणि पळस काही शिकवून गेले असतील तर एवढंच, की अंगाला लागणारी गोष्ट आधी आपल्या अंगाला लावून बघावी.

दिवस कलला तेव्हा बाज उभी झाली. लाल-हिरव्या चौकटींची, घट्ट, आणि तरी मधून हात जाईल अशी मोकळी. कारभारीनं ती अंगणातच ठेवली, खाली शेगडी सरकवली, ओवा टाकला आणि सगळ्या बायकांसमोर स्वतः पालथा निजला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेक लागत होता, धूर चौकटींतून नीट वर येत होता, नाकाडोळ्यांत जात होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो बराच वेळ उठला नाही.

"उठ बे आता," सुभद्राबाई म्हणाली, "तूच बाळंत झाला का?"

दिवस बुडायच्या आधी मंजुळा बाजेवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी आला. आत जायची पुरुषाला मुभा नव्हती. मंजुळा कुशीवर निजली होती, तिचा एक गाल बाजेवर टेकलेला. ती कूस बदलेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. गाल स्वच्छ होता.

दोन-चार दिवसांत नाला उतरला, आणि बाराव्या दिवशी साखरखेर्ड्याहून विहीणबाई आल्या, अन्नपूर्णाबाई. रबराची कथा त्यांच्या आधीच तिकडे पोचली होती. बैलगाडीतून उतरताना नाक मुरडलेलंच होतं. "काऊन इवाई," त्या म्हणाल्या, "आमच्या नातीले म्हने धूर देल्ला तुमी, सायकलीचा?"

"चूक झाली, इहीनबाई," कारभारी म्हणाला.

अन्नपूर्णाबाई बाजेपाशी गेल्या. तळव्यानं दाबून पाहिली. मग बसल्या. मग पाय वर घेतले. जेवणाची पंगत मांडली तेव्हा त्यांना दोनदा बोलवावं लागलं. जाताना त्यांनी कारभारीला नवा फेटा बांधला आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेलेबी पोरगी इथंच धाडतो." विहिणीकडून याहून मोठी शाबासकी वऱ्हाडात कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

पाहुणे गेले. अंगण झाडून झालं. आता चालीप्रमाणे बाज सोडायची होती. सुभद्राबाई पायथ्याशी बसली आणि तिनं ताणाच्या दोरीची गाठ हातात घेतली. कारभारी ओट्यावरून पाहत होता. आजवर त्यानं कितीतरी बाजा विणल्या, उसवल्या, बैलाला चारल्या. त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज ती गाठ सुटणार म्हणून वाटत होतं. ते त्यानं लपवलंही नाही.

सुभद्राबाईनं गाठ थोडा वेळ चाचपली आणि सोडून दिली. "हे इनन माहं, चालीपरमानं. चौकट तुही. बरोबर?"

"हाव, मावशी."

"मंग चौकट मले दे. मी काई सोडत नाही हे. इटाळाची तं इटाळाची, बाळंतिनीचीच हाये. पुढच्या महिन्यात किसनरावच्या सुनंले लागन, मंग आनखी कोनाले. फिरन घरोघर. कोनाची सुतळी जानार नाही, कोनाची पाठ टोचनार नाही. तू फक्त ढिली झाली की ओढून देत जाय."

किसनरावांनी ज्या विटाळापायी बाज नाकारली, त्याच विटाळानं ही बाज वाचली. कारभारी उठला आणि फेट्यासकट सुभद्राबाईच्या पाया पडला. "दोन चौकटी देतो, मावशी," तो म्हणाला.

"मी मानसं आनतो उचलाले," म्हणून सुभद्राबाई गेली.

अंगणात बाज एकटी राहिली. तेवढ्यात तानाबाई आतून आली. हात पदराला पुसले, इकडे तिकडे पाहिलं, आणि चक्क बाजेवर आडवी झाली. नवऱ्याच्या एकाही करामतीवर ती आजवर निजली नव्हती. ती खाली वाकळीवर निजायची. तिनं डोळे मिटले. काठांच्या चौकटींत तिचं स्वतःचं वांगी रंगाचं लुगडंही कुठेतरी होतं.

"चांगली झाली," ती म्हणाली.

कारभारी खूश होऊन जवळ आला. तानाबाईनं डोळे उघडले नाहीत.

"माहं बी बाळंतपन याच घरात झालं. मंजुळाच्या वक्ताले. नवी सुतळी होती, तुमीच इनलेली. महिनाभर पाठीले वळ होते माह्या." तिच्या आवाजात भांडण नव्हतं. पाऊस किती झाला हे सांगावं तसं ती सांगत होती. "लेकीच्या गालाचं ध्यानात राह्यलं तुमच्या. तवा माह्या पाठीचं काऊन नाही सुचलं?"

बावीस वर्षांत कारभारीला पळस सुचला, घायपात सुचलं, सिनेमा सुचला. हे सुचलं नव्हतं. तू सांगितलं नाहीस, असं म्हणता आलं असतं, पण ती पळवाटच झाली असती, कारण तिनं सांगावं असं त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

तो घरात गेला. डोक्यावरचा विहिणीनं दिलेला नवा फेटा काढून त्यानं खुंटीला अडकवला. मग लाकडी पेटी उघडली आणि तळाशी घडी करून ठेवलेला आपल्या लग्नातला फेटा काढला. तानाबाईच्या बापानं मांडवात बांधलेला, गुलाबी, लांबलचक. एका फेट्यात बाज होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कुठून तरी सुरुवात करायची होती. त्यानं फेट्याची कड दातांत धरली.

चर्र असा लांब आवाज घरातून अंगणात आला. अंगणात तानाबाईनं तो ऐकला, काय फाटलं हेही तिनं ओळखलं, आणि या खेपेला ती उठली नाही.